मनकर्णेनं लावलेला मृदंग

झरीच्या मनकर्णाबाईला कुणी विचारलं, "बाई, तुमी मृदंग कुठं शिकलात?" तर ती पदर तोंडाला लावून म्हणायची, "भाकरी थापता थापता." विचारणाऱ्याला वाटायचं, बाई आपली फिरकी घ्यायलीय. फिरकी कसली! घडलंच तसं होतं. पण ते समजायचं तर आधी तिचा नवरा भुजंग कोण, ते समजून घेतलं पाहिजे.

भुजंग म्हणजे थोड्या कोरडवाहूचा धनी. अंगात सदरा असायचा, पण त्याला बटणं असतीलच असं नाही. मात्र मारुतीच्या देवळात मृदंग मांडीवर घेऊन बसला की पाटलानंसुद्धा त्याच्यासाठी थांबायचं, असा त्याचा मान. मृदंग त्याच्या बापाचा. घरात ओसरीच्या खुंटीला टांगलेला असायचा आणि त्याला भुजंगाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. मनकर्णा रोज सांजेला त्याच्यापुढं उदबत्ती लावायची, ती पण चार बोटं लांबूनच. नवरा ओसरीत वाजवत बसला की ती आत चुलीपुढं भाकरी थापायची आणि तिचे हात आपोआप त्या ठेक्यात पडायचे. हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. भाकरी मात्र अशी गोल उतरायची की सासूनंही मरेपर्यंत कधी नाव ठेवलं नाही, आणि ती सासू काही सोपी नव्हती.

मग एका पौषात, दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चरकात ऊस सारता सारता भुजंगाचा उजवा हात आत गेला. बैल थांबवीपर्यंत व्हायचं ते झालं. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी मनगटापासून हात काढला, म्हणून जीव वाचला. लोक भेटायला येऊन सांगायचे, "हातावर निभावलं, नशीब समज." अरे, ज्याचा हात गेला त्याला हे सांगता? जीभ कशी रेटते माणसांची!

भुजंग घरी आला आणि ओसरीतल्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला, तो पडलाच. औत मनकर्णेनं धरलं, पेरणी तिनं केली, कापूस तिनं बाजारात नेला. ती त्याच्यावर कधी चिडली नाही असं नाही. चिडायची, भांडी आपटायची, पण त्याला भांडी आपटल्याचंही काही वाटेना. सांजेला देवळातून टाळांचा आवाज आला की तो गोधडी कानावर ओढून घ्यायचा. त्या साली सप्त्याला वालूरचा मृदंगी आला, स्वतःचा मृदंग घेऊन. गावानं आठ दिवस भजन केलं आणि भुजंगानं आठ दिवस गोधडी काढली नाही.

पुढच्या साली संक्रांतीच्या आधी माणिकराव पाटील घरी आले. माणिकराव माणूस वाईट नव्हता, उगं खोटं कशाला बोला. उंबऱ्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भुजंगा, तहसिलातून सप्त्याची इजाजत आली बरं का. रामनवमीला बसायचा. वालूरचा मृदंगी दरसाल यायला तयार हाय. पण त्याचा मृदंग गेला फुटून. तुजा हितं खुंटीला उंदरं खायलेत. त्याला दिऊन टाकू. तेवढाच वाजता तरी ऱ्हाईल."

भुजंगानं मान वळवली नाही. भिंतीलाच म्हणाला, "न्या."

मनकर्णा दारात उभी होती. तिला बाकीचं काही कळत नव्हतं, पण एक पक्कं कळत होतं. हा मृदंग ज्या दिवशी या दारातून जाईल, त्या दिवसापासून हा माणूस बाजेवरून उठायचा नाही. श्वास तेवढा घेईल, बाकी संपल्यात जमा.

"पाटील," ती पुढं येऊन म्हणाली, "रामनवमीपतूर ऱ्हाऊ द्या. त्या दिशी ह्यातून आवाज न्हाई निघाला, तर मी सोता डोक्यावर घिऊन वालूरला पोचवते."

"आन वाजवणार कोण, वैनी?"

"कुणीबी वाजवील. तुमाला आवाजाशी काम."

माणिकरावांनी तिच्याकडं बघितलं, भुजंगाच्या पाठीकडं बघितलं आणि "बरं" म्हणून उठले. ते गेल्यावर मनकर्णा खुंटीवरच्या मृदंगाकडं बघत राहिली. बोलून तर बसली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंघोळ केली, मृदंगाला हात जोडले आणि तो खुंटीवरून खाली घेतला. जड होता, खांद्यावरच्या वासरासारखा. बघते तर हाल विचारू नका. दोन्ही तोंडं आवळून धरणारी चामड्याची वादी उंदरानं कुरतडलेली, वादीखालचे लाकडी गठ्ठे सैल होऊन लोंबत होते, आणि दोन्हीकडचं चामडं पावसाळ्याच्या सर्दीनं मऊ पडलेलं. तिनं चांभाराकडून नवी वादी आणली आणि मुद्दाम भुजंगाच्या बाजेशेजारीच पसारा मांडून बसली.

बाज आवळायची तिला सवय होती. तिला वाटलं, हेही तसंच असणार. बाज आवळताना कडेच्या पाटीला पाय लावून दोरी ओढतात. तिनं पाय उचललाही होता, पण एकदम जीभ चावली, मृदंगाच्या पाया पडली आणि तो गुडघ्यांत धरून वादी ओढू लागली. एका अंगानं ताठ बसला तर दुसऱ्या अंगानं ढिला पडे. वादी पुन्हा सोडून पुन्हा ओवायची. गठ्ठे तिनं सगळे एकाच बाजूला ठोकून दाटले. उजव्या तोंडावर टिचकी मारली तर आवाज आला 'फट', फुटक्या सुपाचा यावा तसा. बाजेवरून हूं नाही की चूं नाही.

आता राहिलं डावं तोंड. डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी दरवेळी ओली कणीक लावतात, म्हणजे आवाज खोल येतो, हे तिनं लांबून पाहिलं होतं. कणीक म्हणजे पीठ. आणि जवारी खाणाऱ्या घरात पीठ म्हणजे दुसरं कोणतं असणार? गहू घरात यायचा दिवाळीला, नाहीतर जावयाच्या नशिबानं. तिनं परातीत जवारीचं पीठ घेतलं, ऊन पाणी घातलं, चांगलं मळलं आणि डाव्या तोंडावर अशी सुबक भाकरी थापली की बघत राहावं. मग देवाचं नाव घेतलं आणि धुणं बडवणाऱ्या बाईच्या ताकदीनं एक थाप हाणली.

भाकरीचे तुकडे तुकडे उडाले! एक आढ्याला चिकटला, एक परातीत पडला आणि एक चांगला लिंबाएवढा भुजंगाच्या मानेवर जाऊन बसला.

भुजंगानं मानेवर हात फिरवला, बोटाला लागलेलं पीठ बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी भिंतीकडची कूस बदलली.

"आगं, जवारी लावलीस व्हय तू?"

"मंग काय लावतेत?"

"गहू! गव्हाची कणीक लावतेत! जवारीला चिकटाई असती का? मृदंग लावायलीस का न्याहारी करायलीस? आन हे गठ्ठे बग, समदे येकाच अंगाला दाटलेत. आगं आगं आगं, वादी उलटी ओवलीय! कुणी सांगितलं व्हतं तुला ह्याला हात लावायला?"

बोलता बोलता तो उठून बसला होता. त्यानं तिला शिव्या घातल्या, तिच्या माहेराला घातल्या, उंदरांना घातल्या, उंदीर न पकडणाऱ्या मांजराला घातल्या. मनकर्णा खाली मान घालून ऐकत होती आणि पदराआड हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. सबंध सालात तो इतकं बोलला नव्हता. शिव्या खाऊन इतकी सुखी झालेली बाई त्या गावात दुसरी नसेल.

"मंग दाखवा की कसं करतेत ते," ती म्हणाली. "नुसतं वरडू नका."

शेजारून मूठभर गहू आणून तिनं दळले. भुजंग खाली उतरला. वादी पुन्हा सोडली, पुन्हा ओवली. तो डाव्या हातानं आणि गुडघ्यानं धरायचा, ती ओढायची. गठ्ठे त्यानं एकेक करून जागेवर बसवायला लावले. कणीक किती सैल ठेवायची, चामडं आधी किती ओलं करायचं, मधी कशी जाड आणि कडंला कशी पातळ लावायची, हे सगळं तो सांगत गेला. मग त्यानं आपला डावा हात हळूच डाव्या तोंडावर टाकला. 'धुम्म' असा आवाज ओसरीभर घुमला. भुजंगानं हात उचलला नाही. डोळे मिटून तसाच बसला. मनकर्णेला वाटलं, आता या घडीला आपल्याला देव भेटला तरी आपण दुसरं काही मागणार नाही.

मग डोळे उघडून तोच म्हणाला, "डाव्याचं झालं. उजव्याचं काय करावं?"

मनकर्णेनं आपला उजवा हात उजव्या तोंडावरच्या काळ्या गोल शाईवर ठेवला.

"येडी का खुळी तू? बाईमाणसानं—"

"बाईमाणसानं औत धरलेलं चाललं. कापूस इकलेला चालला. मंग हेच कामून चालत न्हाई?"

भुजंगानं मृदंगाचं उजवं तोंड तिच्याकडं वळवलं.

तर अशी त्या दोघांची तालीम सुरू झाली. गोधडीची घडी घालून त्यावर मृदंग आडवा ठेवायचा, डाव्या तोंडाशी भुजंग, उजव्या तोंडाशी मनकर्णा. मृदंगात 'धा' हा बोल दोन्ही हात एकदम पडल्याशिवाय होत नाही. एकट्या माणसाला ते सोपं, त्याचे दोन्ही हात त्याचेच. इथं हात दोघांचे होते. तिची थाप आधी पडायची, मग हा ओरडायचा. कधी याची आधी पडायची, तेव्हाही हाच ओरडायचा. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अवो, जात्यावर दोघी बसल्या की येकलीच पुढं पळती का? पळाली तर खुट्टा लागतो हाताला. जरा माज्यासंगं दळल्यागत वाजवा."

मग भुजंगानं तिच्या हाताकडं बघायचं सोडून तिच्या खांद्याकडं बघायला सुरुवात केली, दळताना बाया बघतात तसं. त्या दिवशी पहिला 'धा' एकजीव उमटला. दोघंही दचकले, इतका तो नीट वाजला.

तिच्या बोटांची टोकं सुजली, नखाखाली रक्त साकळलं. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. गावात चेष्टा सुरू झाली, "भुजंगाच्या घरी नवरा-बायको मिळून मृदंग बडवायलेत." हसणाऱ्यांचं काय जातं? त्यांचे दात तेवढे दिसतात.

रामनवमी आली. दुपारच्या जन्माच्या कीर्तनाला मारुतीचं आवार भरून गेलं. कीर्तनाला काशीनाथबुवा उभे, पाठीमागं टाळकरी, आणि एका अंगाला वालूरचा मृदंगी मृदंग लावायची हातोडी घेऊन तयारच. भुजंगानं डाव्या खांद्यावरून मृदंग आणून ठेवला तेव्हा त्या मृदंग्यानं रीतीप्रमाणं तो तपासला. उजव्या तोंडाला चारी बाजूंनी बोट लावून बघितलं, डाव्याची कणीक चाचपली. मग हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "लावायचं काय ऱ्हायलंच न्हाई. चोख लागलाय."

पण भुजंग बाजूला झाला नाही. तो डाव्या तोंडाशी मांडी घालून बसला, तुटका हात उपरण्यात गुंडाळून. लोकांत कुजबुज झाली. मनकर्णा पार मागं, बायांच्या घोळक्यात होती. घरून येताना ठरलं होतं की आपण पुढं जायचं. पण एवढी माणसं बघितली आणि ती तिथंच बसकण मारून बसली. गडी गडी आणि गडी! इकडं माणिकराव वाकून भुजंगाला म्हणाले, "भुजंगा, येका हातानं कसं व्हायचं? ऊठ बाबा. वालूरवाल्याला बसू दे."

भुजंगानं वर बघितलं. साल-दीड साल ज्या माणसाचा आवाज गावानं ऐकला नव्हता, तो सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा बोलला, "पाटील, माजा उजवा हात तिकडं बायांत बसलाय. तेवढा यिऊ द्या, मंग वाजवतो."

माणिकरावांचं तोंड उघडंच राहिलं. काशीनाथबुवांनी एकदा भुजंगाकडं पाहिलं, एकदा उन्हाकडं पाहिलं आणि करवादून म्हणाले, "मग बोलवा की लवकर! जन्माची वेळ टळायला आली, देव काय तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

मनकर्णा उठली. माणसांनी पाय आखडून वाट दिली. ती उजव्या तोंडाशी बसली, पदर खोचला, कुणाकडंही न बघता नवऱ्याच्या खांद्याकडं बघितलं, आणि 'धा' पडला. दोन माणसांचा असा तो वाटलाच नाही. टाळकरी पहिल्यांदा बावरले, मग सरसावले. वालूरचा मृदंगी गुडघ्यावर ठेका धरून मान डोलावू लागला. मधी एका उठावणीला, लय चढली तेव्हा, मनकर्णेचा हात चुकला. बोट भलतीकडं पडलं, पुढचं काही आठवेना, टाळ पुढं चालले. तिला वाटलं, गेलं! मृदंग गेला, माणूस गेला! पण भुजंगानं घाई केली नाही. डाव्या हातानं तो साधा ठेका देत राहिला, परत परत, 'ये, ये' म्हटल्यासारखा, आणि तिला समेची जागा सापडली तेव्हा दोघांचे हात पुन्हा एकदम पडले. गुलाल उधळला. पाळण्याची दोरी हलली.

कीर्तन उठल्यावर मृदंगाच्या मानाचा नारळ घेऊन माणिकराव पुढं आले. सवयीनं त्यांनी तो भुजंगापुढं धरला. भुजंग डावा हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला आणि बायकोकडं बघत राहिला. माणिकरावांना कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. ते वळले आणि नारळ मनकर्णेच्या पदरात घातला. "वैनी," ते म्हणाले, "पुढल्या सालीबी तुमीच दोघं. मृदंग कुठं जायचा न्हाई."

नवऱ्याचा हात तुटला तेव्हा जी रडली नव्हती, ती मनकर्णा भर आवारात, पदरात नारळ धरून ढसाढसा रडली. भुजंग तिच्याकडं सरकून हळूच म्हणाला, "रडतीस कामून? येकदाच तर चुकलीस."