गुप्त केंद्राचा संपूर्ण पत्ता

जगात आजवर जेवढी म्हणून चोरटी रेडिओ केंद्रं झाली असतील, त्यांत श्रोत्यांना स्वतःचा घरपत्ता सांगणारं केंद्र एकच, आणि ते आमच्या मामेसासऱ्यांचं. पंचवटीत हे माझ्या बायकोचे मामा वरच्या मजल्यावर राहतात आणि आम्ही खाली. म्हणजे पोलीस आले की आधी आमची बेल वाजणार. त्यात मी सरकारी कचेरीतला कारकून. आणि ते केंद्र चाललं तब्बल तीन दिवस.

मामांचं निम्मं आयुष्य सिन्नरच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून गेलं आणि निम्मं रेडिओला फर्माइशीची पोस्टकार्डं पाठवण्यात. कार्डाखाली नाव, गल्ली, खूण सगळं लिहायचं, ही शिस्त त्यांच्या हाडीमांसी भिनलेली. भाजीवाल्याशी वाद झाला तरी शेवटी पत्ता देऊन येतात. "बोलायचं आणि खाली नाव घालायचं नाही, हे भेकडाचं काम," असं त्यांचं मत.

मध्यंतरी शहरात तणाव झाला. इंटरनेट बंद, फोनही लागेनात, आणि कुणी कसलीही बातमी पसरवायची नाही असा हुकूम निघाला. त्याच दुपारी मामांनी स्वतः जुळवलेला ट्रान्समीटर माळ्यावरून खाली काढला आणि गच्चीवर कुरडयांच्या वाळवणाशेजारच्या बांबूला एरियल बांधली. रेडिओचा काटा कुठं लावायचा ते मामींनी देवळात चार बायकांच्या कानात सांगितलं. तासाभरात सगळ्या गल्ल्यांनी जुने रेडिओ झटकले.

"मामा, तुम्ही आत जाल आणि माझी नोकरी जाईल!"

"जावईबापू, मी बातमी कुठं देतोय? कोण सुखरूप आहे, एवढंच सांगणार."

आणि लगेच खाकरून सुरू, "आपण ऐकत आहात एक गुप्त केंद्र. सुखरूप असल्याच्या चिठ्ठ्या आणून द्या." पुढे स्वतःचं नाव, घर क्रमांक सतरा, पिंपळाच्या पारामागे, पंचवटी, नाशिक! मी घाईघाईनं माइकवर हात ठेवला. जाब विचारला तर म्हणाले, "पत्ता नाही सांगितला तर चिठ्ठ्या येतील कुठं?"

चिठ्ठ्या आल्या. दाराशी चपलांचा ढीग. वसतिगृहातली कुणाची लेक सुखरूप होती, फक्त भाजी अळणी मिळत होती. मामांनी तेही वाचलं. मी मात्र जीप वाजली की पडदा सारून बघत होतो. शेवटी चिडून विचारलं, "हे सगळं कशासाठी?"

"आणीबाणीत वडिलांना धरून नेलं," ते म्हणाले. "तीन आठवडे पत्ता नाही. पेपरात कापलेल्या बातम्यांच्या कोऱ्या जागा यायच्या. आई त्या कोऱ्या जागेवर हात फिरवायची. सुखरूप आहेत, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं हो."

मी चिठ्ठ्या लावून द्यायला लागलो. भीती होतीच.

तिसऱ्या दिवशी जीप थांबली. हवालदार वर आला.

"काका, पत्ता तुम्हीच दिला, शोधावा बी लागला नाय. साहेब खाली हायेत. मशीन न्यावं लागंल." मग त्यानं टोपी काढली आणि आवाज खाली आणला. "त्याआधी माझं एक वाचा. आई पुढच्याच गल्लीत हाय, पण बंदोबस्त सोडता येत नाय. जेवत नसंल ती. फक्त माझं नाव नका घेऊ, नोकरी जाईल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. 'नोकरी जाईल' हे माझंच वाक्य होतं. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी नाव-पत्त्याशिवाय वाचलं, "बंदोबस्तावरचा एक मुलगा सुखरूप आहे. आई, जेवून घ्या." आणि स्वतःच्या हातानं वायर काढून दिली.

साहेबांनी वयाकडे बघून तंबी देऊन सोडलं. ट्रान्समीटर गेला तो गेलाच. माळ्यावरची ती जागा मामींनी अजून भरलेली नाही.

मला कचेरीतून यायला जरा उशीर झाला की मामा गच्चीच्या कठड्याशी उभे असतात. पूर्वी या पहाऱ्याचा मला राग यायचा. आता गाडी लावतानाच मी वर बघून मोठ्यानं सांगतो, "सुखरूप आलो!" आणि माझं नाव, घर क्रमांक सतरा, पिंपळाच्या पारामागे, पंचवटी, नाशिक. तेव्हा कुठं ते आत जातात.