गावाने न सोडलेले इंग्रजीचे सर

"समजलं नाई त घरी नेऊन वापरून पाहा," असे म्हणत आमचे इंग्रजीचे सर खडू कानावर खोचायचे. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, हे शिकवले की पोरं रानात "आय लुक आफ्टर बकरी" म्हणत फिरायची. ‘बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी’ आले, तेव्हा धानोऱ्याच्या त्या वर्गात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. सर म्हणाले, "पुढं वाघ, मागं पूर." लगेच कळले सगळ्यांना. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल.

मी त्याच शाळेत गणिताचा मास्तर. सर मोहर्लीकडचे. घरी आई एकटी, डोळ्यांनी अधू. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा आई चंद्रपुरात राहिली आणि सर गडचिरोलीत. तिला इकडे बोलावले, तर म्हणे, एका जंगलातून दुसऱ्या जंगलात कशाले येऊ? मग सर दरवर्षी बदलीचा अर्ज करायचे.

एका उन्हाळ्यात हुकूम आला. शाल-नारळ झाले, ट्रंक बांधली. तेवढ्यात गावातली मोठी माणसं जीप करून साहेबांकडे गेली. या सरांमुळे आमची पोरं इंग्रजीत पास होतात, म्हणाली. हुकूम रद्द! गावाने सरांना हार घातला. सर हात जोडून उभे होते, चेहरा पार उतरलेला. गाव वाईट असते तर भांडता तरी आले असते. माझे डोकेच फिरले.

मीच त्यांना म्हटले, "सर, एक साल धड शिकवू नका. गावच तुम्हाले हाकलून लावते."

त्यांना पटले. शाळा उघडली त्या दिवशी ते खुर्चीत बसून नुसता धडा वाचत राहिले. मी शेजारच्या वर्गात गणित घेत होतो, पण कान तिकडेच. एका मुलीने ‘गिव्ह अप’चा अर्थ भलताच सांगितला. मग खुर्ची सरकली.

"तसं नाई पोरी. गिव्ह अप म्हणजे हात टेकणं."

पुढे तास संपेपर्यंत त्यांचा आवाज थांबला नाही. झाले, बोंबलले आमचे कारस्थान.

निकाल लागला, इंग्रजीत सगळे पास. त्याच आठवड्यात आई गेल्याची तार आली. एसटी स्टँडवर अर्धा गाव जमला. बाया रडत होत्या. मला त्यांचा रागही येईना, फार वाईट वाटत होते. एक म्हातारा खिडकी धरून म्हणाला, "सर, वापस या जी."

सरांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"येतो ना भाऊ. आता मले दुसरीकडं जायले जागा कुठी हाये?"