मशीन न विकणारा नसीर

नसीर माझ्या दालमिलमध्ये आला तेव्हा त्यानं मशीनकडे पाहिलंच नाही. मूठभर डाळ उचलून दाताखाली धरली आणि अंगणात तूर वाळवणाऱ्या बायांजवळ जाऊन उकिडवा बसला. अकोल्याच्या कंपनीची मशीनं विकणारा हा माणूस मूळचा अचलपूरचा. मी म्हटलं, हा विकायला आला की गप्पा हाणायला?

मी चौथी शिकलेला. बार्शीटाकळीत मिल उभी केली ती कोणाला विचारून नाही. पण दोन वर्षांपासून माझी डाळ फुटून तिची चुरी व्हायची, व्यापारी पोती परत पाठवायचे. नवं मशीन घ्यायचंच, असं मी ठरवून बसलो होतो.

नसीरनं पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्या होत्या, वेल्डिंग केलं होतं, औषधंही विकली होती. मी तोंडावर म्हटलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"चिंध्याईचीच गोधडी होते, चाचा." मग सरळ सांगून टाकलं, "या महिन्यात एक मशीन नाई विकलं तर कंपनी मले घरी बसवते."

"मंग लिही ऑर्डर."

"पयले चपला काढा."

दुपारचं ऊन. दोन वर्षांपूर्वी केलेल्या सिमेंटच्या अंगणात मी हट्टानं अनवाणी उभा राहिलो. लगेच पाय उचलावा लागला.

"तुमचा पाय भाजला. तुरीचं काय होत असन? अगुदर इथं माती होती. आता तूर लय लवकर वाळून राहिली, मशीनमंदी जायच्या आधीच तडकते. खाली गोणपाट टाका, दुपारी झाकून ठेवा. तुमचं हेच मशीन चांगलं हाय."

"हे तुले कोनं सांगितलं?"

"या मावशीनं."

मी त्या बायांमधल्या गिरजाबाईकडे पाहिलं. ती तूर पसरवत राहिली. "तुमाले सांगाव कोनं, मालक?"

आठ दिवसांत डाळ अखंड निघू लागली. मशीन, ऊन, बायामाणसं आणि माझा स्वभाव, एवढं सगळं एका दुपारी ओळखणारा माणूस मी साऱ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

महिना संपला, त्याची नोकरी गेली. तो सांगायला आला. "मोटारी भरायच्या दुकानात बसू का, चाचा? का असाच गावोगाव मिला पाहत फिरू? पण नुसता सल्ला इकत कोन घेते?"

तेल्हाऱ्याच्या बाबारावांचीही दालमिल; माझं पाहूनच त्यांनी सिमेंटचं अंगण केलं होतं. धंद्यातली चुरस, आमचं बोलणं बंद. मी त्यांना फोन लावला.

"बाबाराव, डाळ फुटून राहिली ना? माही बी फुटत होती. चूक माहीच होती. एक मानूस धाडतो. तो मशीन विकत नाई. त्याले फुकट राबवू नका."

मग बाबाराव म्हणाले, "कवा येते तो?"