तपासणीच्या दिवशीचा लिटमस

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्याने सांगितलं, की पहिल्याच वर्षी सरांचा तपासणीचा पाठ इतका छान झाला, की सरांना लगेच कायम केलं. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून नम्र दिसलो. खरं म्हणजे त्या पाठात एका कागदाने रंग बदलायचा होता, आणि तेवढंच झालं नव्हतं.

त्याआधी सोलापुरातल्या एका गिरणीच्या रंगखात्यात मी उमेदीची वर्षं काढली होती. सत्तरच्या दशकात तिथल्या पाळ्या कमी होऊ लागल्या, तेव्हा चाळिशीला टेकलेला मी नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांशेजारी बसून बी.एड. झालो आणि एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. नोकरी कच्ची होती. तपासणीला साहेब येणार, माझा पाठ बघणार आणि मगच कायम करायचं की नाही ते ठरणार. गिरणीत परत जायची सोय उरली नव्हती.

पाठ आम्ल आणि अल्कलीचा निवडला. मुलांकडून आठवडाभर घोकून घेतलं: आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, अल्कलीत तांबडा लिटमस निळा होतो. आदल्या दिवशी कपाट उघडलं, तर लिटमसच्या कागदांना बुरशी. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मी हसलो. "सर, रंगखात्यातला माणूस आहे मी. लिटमस काय, घरी करतो!"

गिरणीत एक तांबडा रंग असायचा. त्या रंगाच्या लुगड्यावर लिंबू सांडलं की निळा डाग पडायचा, सोड्याचं पाणी लावलं की परत तांबडा व्हायचा. मी घरात पडलेली त्याच रंगाची एक पुडी काढली, कागदाच्या पट्ट्या रंगवल्या, त्यातल्या निम्म्या पट्ट्या लिंबाच्या रसाने निळ्या केल्या आणि सगळ्या दोरीवर वाळत घातल्या.

बायको म्हणाली, "गिरणी सुटली, पण रंग काही सुटत नाही तुमचा. आता धुणं कुठं वाळत घालू, तुमच्या डोक्यावर?"

माझ्या पट्ट्या दिसायला अगदी लिटमससारख्या होत्या, रंगही बदलत होत्या. फक्त आम्लात निळ्या होत होत्या, म्हणजे लिटमसच्या बरोबर उलट. स्वतः लिंबू पिळून पट्ट्या निळ्या करतानाही हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. मी ऐटीत निळी पट्टी आम्लात बुडवली. निळीच. पुन्हा बुडवली. निळीच. तरी तोंडातून सवयीने प्रश्न गेला, "काय झालं?"

"तांबडा झाला, सर!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

पहिल्या बाकावर वळसंगहून एसटीने येणारी एक मुलगी बसायची. ती उभी राहिली. "सर, निळाच हाय की."

साहेब मान उंच करून बघू लागले. मी पट्टी मुठीत दाबली. "आधी डोळे तपासून घे. बस खाली!"

वर्ग हसला. साहेबही हसले, आणि जाताना मुख्याध्यापकांना म्हणाले, "मुलांची तयारी पक्की आहे."

मी कायम झालो.

काही दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. "सर, तुमी म्हनलात म्हनून पोरीला सात रस्त्याला डोळ्याच्या डाक्टरकडं नेलतं. डोळं चांगलं हायत म्हनले, चष्मा बी नको. तुमी लक्ष घातलं, लई उपकार झाले. आमाला कुटं कळतंय यातलं?"

ती त्यांच्या मागे उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. साहेब केव्हाच गेले होते, नोकरी पक्की झाली होती. खरं बोलायला आता काहीच हरकत नव्हती. मी म्हणालो, "काळजी घेतलेली बरी." आणि पिशवी घेतली. बायकोने शेंगांची चटणी कुटली. मी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर प्रयोगाच्या तासाला, काय दिसलं ते लिहिण्याआधी ती मुलगी शेजारणीच्या वहीत डोकावायची. आणि मी निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये नव्या वर्गाला ऐकवत राहिलो: विज्ञानात जे दिसतं तेच लिहायचं, बरं का.

वळसंगच्या बाई, तुम्ही आज कुठे आहात, मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं. पट्टी निळीच होती.