बिनकानाचा कप

चिनी मातीच्या कपाला कान लावणं म्हणजे डोक्याला ताप. वाळताना कप एकीकडं ओढतो, कान दुसरीकडं, आणि जोडावर तडा जातो. तिथून वाचला तर भट्टीत कान खाली बसतो. म्हणून पुण्यात ज्या बाईंच्या हाताखाली मी दहा वर्षं माती मळली आणि चाक शिकले, त्या सगळे कप बिनकानाचेच करायच्या. तळहाताला ऊब लागते, म्हणायच्या. मलाही ते लई भारी वाटायचं.

मग गावाकडं आले. नांदूरघाटच्या पुढं आमचं गाव. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये मी गॅसची भट्टी घातली, तेव्हा लोकांनी नावं ठेवायची काही बाकी ठेवली नाहीत. ऊसतोड्याची पोरगी, कोयता सोडून पांढरे कप करत बसली. बसले. कुणाच्या बापाचं काय गेलं त्यात?

पहिल्या भट्टीतला सगळ्यात चांगला कप मी आबांसाठी, माझ्या वडलांसाठी, घरी नेला. चहा ओतून हातात दिला. त्यांनी कप एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. कान शोधत होते. मग चहा तसाच खाली ठेवला.

"मालकाच्या गोठ्यात, कोनाड्यात, आमच्यासाठी आसलाच आसायचा," ते म्हणाले. "कान मोडला की तो कप आमचा. प्यायचा, आपणच धुवायचा, परत कोनाड्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उसाचा सीझन सरला की आबा त्या मालकाच्या शेतात राबायचे, आणि तो कप मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला होता. तरी विसरले. पुण्यात राहून अक्कल गहाण पडते ती अशी.

त्या दिवसापासून मी कानाच्या मागं लागले. पावसाळा संपला, दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या, तरी भट्टी उघडली की तडेच. पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या, हट्ट सोड, तुझे बिनकानाचे सुंदर होतात. सुंदर गेलं चुलीत. आबांनी माझ्या कपातून चहा प्यायला पाहिजे, एवढंच मला कळत होतं. शेवटी जमलं ते असं: कप आणि कान सारखेच ओले असताना जोडायचे, वर ओलं फडकं टाकायचं आणि चार दिवस दमानं वाळू द्यायचे.

ज्या सकाळी सहा कप धडधाकट निघाले, त्याच सकाळी मालक आले. आबा ज्यांच्याकडं राबले तेच. नव्या बंगल्यासाठी कप हवे होते. कानाचा कप उचलून पाहिला, खूश झाले.

"आसले साठ कर. आन ते फळीवरचे बिनकानाचे दहा-बारा दे, गड्यांला होतील."

आबा शेजारीच पोत्यावर बसले होते. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"सगळ्यांला कानाचे घ्या, न्हाईतर सगळ्यांला बिनकानाचे," मी म्हणाले. "तुमाला बी."

"लई शानी झालीस," ते हसले. "कपात काय आसतंय?"

"काय नसतंय तर मग चहा घेऊन जावा."

बाहेर गाडीपाशी गावातली चार माणसं उभी होती, त्यामुळं मालकांना नको म्हणता येईना. मी बिनकानाचा कप काठोकाठ भरून मालकांना दिला, कानाचा आबांना. मुद्दाम दिला. त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

मालकांनी कप एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. बोटं भाजायला लागली तसा रुमालात धरला. आबांनी दोन बोटांत कान पकडून एक घोट घेतला, दुसरा घेतला, कप रिकामा केला. माझे डोळे भरून आले, पण मी ते मालकांवरून काढले नाहीत.

साठ कपांचा विषय पुन्हा निघाला नाही. मालक उठले. रिकामा कप कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"ठिवा तितंच, मालक," आबा म्हणाले. "हितं कुणाला आपला कप धुवावा लागत न्हाई."