साध्या भाषेत सांगा

आमच्या काकांइतकं अवघड बोलणारा माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर तो कुठल्या तरी कचेरीच्या फायलीत अडकून पडला असणार. हे मी पुतणी म्हणून लाडानं सांगते, कारण त्याच अवघड भाषेवर आमचं घर चाललं. तामलवाडीत आम्हाला जमीन नव्हती. वडील दगडखाणीवर, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला, आणि गळक्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही चार भावंडं. घरात दहावी झालेले एकटे काका. ते टायपिंग शिकले आणि धाराशिवला कलेक्टर ऑफिसबाहेर लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर मांडून बसले. त्या मशीनच्या खडखडाटावर मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. हे सांगताना माझी मान ताठ होते, आणि का होऊ नये? काकांचं लग्न मात्र राहून गेलं. कुणी विषय काढला की ते म्हणायचे, "पुतण्यांचं शिक्षण होईतो सदर प्रकरण तूर्त स्थगित."

तीस वर्षं अर्ज लिहून ती भाषा त्यांच्या अंगात मुरली होती. चप्पल आण, असं ते कधी म्हणाले नाहीत. "पूर्वेस रांजण, पश्चिमेस भिंत, दक्षिणेस तुझ्या आईची चूल, ह्या चतुःसीमेच्या आत माझी चप्पल आहे," असं सांगायचे, आणि चप्पल बरोब्बर तिथंच असायची. आईनं भाजी कशी झालीय विचारलं की, "मीठ अंदाजे कमी आढळून आलं." आई म्हणायची, "आढळलं तर घ्या की हातानं, भावजी." मी पाचवीत असताना पोटदुखीनं माझी शाळा बुडाली, तेव्हा काकांनी चिठ्ठी टाइप करून दिली: 'सदर विद्यार्थिनीस काल पहाटे राहत्या घरी पोटदुखी उद्भवली. याबाबत कोणावरही संशय नाही व कोणाविरुद्ध तक्रार नाही.' मुख्याध्यापकांनी ती तीनदा वाचली, चष्मा काढला आणि मला हळूच विचारलं, "बाळ, घरी सगळं ठीक आहे ना?"

मग अर्ज ऑनलाइन झाले. लिंबाखालचे बाकीचे टंकलेखक एकेक करून उठून गेले. काका तरी पहिल्या एसटीनं धाराशिवला जायचे, मशीनला तेल घालायचे, कोरा कागद चढवायचे आणि संध्याकाळी तोच कागद काढून परत यायचे. डब्यातली भाकरी तशीच घरी यायला लागली. आणि सगळ्यात भ्यायला लावणारी गोष्ट म्हणजे त्यांचं बोलणं तुटक झालं. "व्हय." "नको." "असू दे." एक दिवस आई मला फोनवर म्हणाली, "तुझ्या काकाचं बोलणं समजाय लागलंय गं. काहीतरी बिघडलंय." आम्ही सगळे शिकलो, नोकरीला लागलो, आणि त्यांच्या अंगावर कुणाचंच काम उरलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढचा प्रसंग मला काकांनी आणि तेव्हा अजून काकू न झालेल्या काकूनं, दोघांनीही सांगितला आहे. दोघांच्या सांगण्यात फरक पुष्कळ आहे, पण मी काकूच्या बाजूनं लिहिते, कारण काकांच्या बाजूनं लिहायला सहा पानं लागतील. एका दुपारी येरमाळ्याची एक बाई भावाबरोबर त्यांच्या टेबलाशी आली. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, हायवेला चहाची टपरी. भाऊ म्हणाला, "हिला निराधार पगाराचा अर्ज लिहून द्या." कित्येक दिवसांनी आलेलं गिऱ्हाईक. काकांनी जीव ओतून अर्ज टाइप केला आणि वाचून दाखवला: "अर्जदार ही निराधार असून तिला कोणाचाही आधार नाही."

"कुणाला आधार न्हाय?" बाईनं विचारलं.

"अर्जदारास."

"अर्जदार कोण?"

"आपण."

"मंग तसं म्हणा की. आन् म्या निराधार कशी? टपरी कोण चालवतंय? ह्या भावाच्या पोरीच्या लग्नातली भांडी कुणी दिली?"

"अगं, तसं लिहावं लागतंय," भाऊ पुटपुटला.

"लिवणाराला लागत आसंल. खोडा."

काकांनी आपला मसुदा जन्मात खोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी तो शब्द खोडला, आणि तो शब्द गेल्यावर अर्जात काही उरलंच नाही. बाईनं मग पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. रस्त्याच्या कामाची नोटीस. सहा महिने झाले, वाचून सगळे दाखवत होते, पण त्यात काय आहे ते कुणी सांगत नव्हतं. काकांनी न अडखळता नोटीस वाचली.

"वाचलं झ्याक," बाई म्हणाली. "आता साध्या भाषेत सांगा."

काकांनी तोंड उघडलं. "उपरोक्त अतिक्रमण..."

"साध्या."

"म्हणजे नमूद हद्दीपासून..."

"दादा, साध्या."

काकांना म्हणे घाम फुटला. शेवटी म्हणाले, "टपरी दहा हात मागं घ्या. मग कुणी हात लावणार न्हाय."

"एवढंच?"

"एवढंच."

बाईनं नोटीस पिशवीत कोंबली. "आन् त्यापायी म्या सहा महिने नीट झोपले न्हाय. आमच्याकडं असले कागद घरोघर पडल्यात. तुमी येरमाळ्याला या."

काका गेले. तामलवाडीहून येरमाळा म्हणजे धाराशिव ओलांडून लांबचा पल्ला, पण ते जात राहिले. टपरीच्या बाकावर माणसं कागद घेऊन बसायला लागली. बँकेचं पत्र, विम्याचा नकार, मोजणीची नोटीस. काका वाचायचे, आणि कपबशा विसळत ती बाई मागून ओरडायची, "साध्या भाषेत." डबा रिकामा घरी यायला लागला. आईनं फोनवर सांगितलं, "आज तुझा काका म्हणाला, भाजी आदरपूर्वक सेवन करण्यात आली." आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता मला रडू आलं.

एक दिवस काकांनी टपरीवर त्या बाईपुढं दोन पानी टाइप केलेला कागद ठेवला. बाकावर चार गिऱ्हाइकं होती. बाई चौथीपर्यंतच शिकलेली, म्हणाली, "वाचून दाखवा." काकांनी वाचलं, "अर्जदार, वय सत्तावन्न, धंदा टंकलेखन, कारणे विनंती अर्ज सादर की, अर्जदार आजतागायत अविवाहित असून..." बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "आता हेबी साध्या भाषेत होऊ द्या."

काकांनी कागदाची घडी घातली. मग कागद खाली ठेवला.

"एकट्यानं जेवाय नको वाटतंय," ते म्हणाले.

"मंग त्याला दोन पानं कशापायी?" ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला.

आमच्या वडिलांना ते पटलं नाही. "ह्या वयात? लोक काय म्हणतील?" काका शांतपणे म्हणाले, "हरकत नोंदवून घेतली. फेटाळली." पत्रिका त्यांनी स्वतःच टाइप केली, 'तमाम नातलगांस कळविण्यात येते की' इथपासून 'मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही' इथपर्यंत. आमच्या विहारात लग्न झालं. पांढऱ्या साडीत काकू आणि पांढऱ्या सदऱ्यात काका. आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते माझे वडील.

परवा येरमाळ्याला गेले होते. गर्दी ओसरल्यावर काकांशेजारी बाकावर बसले आणि इतकी वर्षं मनात असलेलं बोलून टाकलं, "काका, आमच्या शिक्षणापायी तुमची वर्षं गेली." मला वाटलं, आता सदरहू आणि उपरोक्त सुरू होणार. त्यांनी चष्मा धोतराला पुसला.

"गेली न्हाईत गं. तुला दिली."

हायवेवरून ट्रक जात होते. एक आजीबाई पदरात कागद गुंडाळून आली, आणि काका तिच्यासाठी सरकून बसले.

त्या बाकावर आता रोज माणसं असतात. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आमच्या काकांचा संसार सुरू झाला, आणि तो नीट चालला आहे.