आरा मिलवालीचं रान

रायपूरच्या भनपुरीत आमची आरा मिल आहे. वडिलांनी सुरू केली, ते गेल्यापासून मी चालवते. पुरानी बस्तीतल्या नातेवाईक बायका लग्नाकार्यात भेटल्या की हसून विचारतात, "काय गं, अजून लाकडंच चिरून राहिली का?" मी सांगते, हो, चिरून राहिली. त्यामुळे झाड तोडणं पाप आहे असं मी कधी म्हटलं नाही, पुढेही म्हणणार नाही. माझ्या घरचा भात त्याच लाकडावर शिजत आला आहे. मात्र एक झाड तोडणं आणि अख्खं रान भुईसपाट करणं यातला फरक मला कळतो. तो मला घरातल्याच माणसांना समजावून सांगावा लागला.

धमतरीच्या पुढे, डोंगराच्या उतारावर वडिलांची आणि काकांची सामाईक जमीन आहे. खडकाळ, नांगर कधी न लागलेली. साग, साजा, मोह, तेंदू, मधूनमधून बीजा, म्हणजे बिबळा, असं सगळं आपोआप उगवलेलं. वडील असताना घराला लागेल तेवढं लाकूड तिथून यायचं, बाकी कोणी लक्ष देत नसे.

मग काकांच्या मुलानं तेलीबांध्याला घर बांधायला काढलं. हा माझा चुलतभाऊ माझ्याहून बराच लहान. त्याला काही मागायचं असलं की तो मराठीत बोलतो आणि निर्णय ऐकवायचा असला की हिंदीत. एका संध्याकाळी मिलमध्ये येऊन तो म्हणाला, "दीदी, एक बात फाइनल कर दी मैंने. वो जंगल पूरा साफ."

"पूरा म्हणजे?"

"पूरा म्हणजे पूरा. ठेकेदार मशीन लावेल, जेसीबीनं मुळं काढेल, मग निलगिरी लावू. सीधी लाइन में. थोड्या वर्षांनी कापली, की परत लावली."

"फायनल झालं तर मले काहून सांगून राहिला?"

तो लगेच मराठीवर आला. "जमीन तुझीही आहे ना, दीदी. सही लागेल तुझी."

मी म्हटलं, सहीचं नंतर पाहू. आधी एकदा माझ्यासोबत तिथं चल. काकांनाही घेऊ.

पाऊस ओसरत आला होता तेव्हा आम्ही तिघं गेलो. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, गुडघे दुखायचे, तरी काठी टेकत चढले. आमच्या जमिनीला लागून एक नाला आहे. नाल्यापलीकडचा उतार रायपूरच्याच एका व्यापाऱ्याचा. त्यानं दोन उन्हाळ्यांपूर्वी अगदी हेच केलं होतं. सगळं एका झटक्यात कापलं, खोडं उपटली आणि निलगिरी लावली. मी मुद्दाम दोघांना आधी तिकडे नेलं.

उतारावर पाण्यानं घळी पाडल्या होत्या. काका एका घळीत उतरले तर गुडघ्यापर्यंत आत गेले. वरची माती वाहून गेली होती आणि खालचे दगड हाडांसारखे वर आले होते. निलगिरीची बरीच रोपं मुळं उघडी पडून आडवी झालेली. वाहून आलेली सगळी माती नाल्यात साचली होती.

तेवढ्यात खालच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन आमच्या बाजूच्या पायवाटेनं चढताना दिसली. दर उन्हाळ्यात ती आमच्या मोहाची फुलं वेचते, म्हणून ओळख होती. काकांनी विचारलं, नाला इथं आहे तर तू इतक्या वर कुठं चाललीस? तिनं नाल्यातल्या एका जागेकडे बोट दाखवलं. तिथं पूर्वी झिरिया होता, म्हणजे वाळूत खणलेला लहानसा झरा. सगळा पारा त्याचंच पाणी प्यायचा.

"पहिली इहां ले पानी लेगत रहेन," ती म्हणाली. "अब माटी भर गे."

झिरिया मातीनं बुजल्यामुळे आता ती आमच्या रानातल्या वरच्या झऱ्यावरून पाणी आणत होती. ते ऐकून काकांनी काठीनं तिथली माती उकरून पाहिली.

भावावर मात्र काही परिणाम दिसला नाही. "त्यानं बांध घातले नाहीत, म्हणून झालं. आपण घालू."

"बांध किती घालशील?" मी म्हटलं. "पाऊस आधी पानांवर पडते, मग पाचोळ्यावर, मग जमिनीत मुरते. वरचं सगळं काढून टाकलं की तो सरळ मातीवर आपटते. आणि माती गेली की ती विकत आणता येत नाही. बरं, तुला चौकटी सागाच्याच पाहिजेत ना? इतका जाड साग व्हायला अर्धं आयुष्य जाते. आज सगळा कापला तर तुझ्या पोरीच्या घराचं लाकूड कुठून आणशील?"

"बाजारातून."

"अरे, मीच बाजार आहे. माझ्याकडे येणारा ओंडा दरवर्षी बारीक होऊन राहिला आहे, ते मी रोज पाहते."

काका हसले. भाऊ चिडला. "मग घर काय मातीचं बांधू?"

"याच लाकडाचं बांध. चल, दाखवते."

पाडायच्या झाडांवर खुणा करायला मी पिशवीत गेरू आणि ब्रश घेऊनच आले होते. आम्ही नाला ओलांडून आमच्या रानात गेलो. जिथं तीन साग एकमेकांच्या उरावर वाढले होते तिथं वाकड्यावर खूण केली आणि सरळ दोघांना जागा करून दिली. ज्याचा शेंडा वाळायला लागला होता, म्हणजे वाढ संपली होती, त्यावर खूण केली. उंच, सरळ, भरपूर बी टाकणाऱ्या झाडांना हात लावला नाही. नाल्याकाठचं एकही झाड घेतलं नाही. मोह सगळे सोडले. एक साजा आतून पोकळ होता. भाऊ म्हणाला, "हे तर बेकार आहे, हे तरी काप." मी म्हटलं, आपल्यासाठी बेकार आहे. वर बघ. ढोलीतून घुबड आमच्याकडे पाहत होतं, आणि दिवसाढवळ्या झोपमोड केल्याचा राग त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

ठेकेदाराला या खुणा दाखवल्या तेव्हा तो म्हणाला, "दीदी, ऐसे चुन-चुन के कौन काटता है? मशीन लाने का मतलब ही नहीं रहा."

"तो मत लाइए, भैया."

तो गेला. भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला. घरात त्यानं बराच गोंधळ घातला, दीदीला जंगलाचं फार कळते म्हणे. शेवटी काकांनीच त्याला गप्प केलं. "जमीन अजून माझ्याही नावावर आहे," ते म्हणाले. "मी मेल्यावर साफ कर. तोवर ही सांगते तसं होईल."

परवानगीचं काम आटोपून थंडीत आम्ही तोड सुरू केली. झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी लागतेच, आणि ती लागावी असंच माझं मत आहे. माणसं मिलमधलीच नेली. झाड कुठल्या बाजूला पाडायचं ते आधी ठरवून दोर बांधायचो, म्हणजे खालची लहान झाडं चिरडू नयेत. बुंधा जमिनीलगत आणि जरा तिरका कापायचो, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही आणि त्यातून नवे फुटवे येतात. ट्रॅक्टर आत येऊ दिला नाही. ओंडे बैलांनी रस्त्यापर्यंत ओढले.

सगळंच काही मनासारखं झालं नाही. सर्वांत मोठा साग पाडताना दोर सुटला. झाड अर्ध्यात फिरलं आणि बाजूच्या मोहाची एक जाड फांदी घेऊन खाली आलं. कोणाला लागलं नाही, पण ती हंडेवाली बाई आवाज ऐकून धावत आली आणि तिनं माझ्यावर असा तोंडाचा पट्टा चालवला, की मिलमधली माणसं तोंड फिरवून हसायला लागली. ती बरोबरच होती. मग तिला म्हटलं, मोह वेचायच्या आधी तुम्ही झाडाखालचा पाचोळा पेटवता, त्या आगीत माझी लहान झाडं जातात. यंदा झाडून घेशील का? तिनं माझ्याकडे, मग फांदीकडे पाहिलं. "हव," म्हणाली, आणि तेव्हापासून आमच्या रानात आग लागली नाही.

त्या लाकडात भावाच्या घराच्या सगळ्या चौकटी आणि दारं झाली. कपाटं त्यानं लोखंडी घेतली. वास्तूच्या दिवशी तो सगळ्या पाहुण्यांना दार ठोकून दाखवत होता, "अपने जंगल का है." मी जवळच उभी होते.

पुढच्या पावसाळ्यात बुंध्यांना फुटवे आले. प्रत्येकाचा एक चांगला ठेवून बाकीचे मी छाटले. पोसायला जुनी मुळं असतात, म्हणून ते भराभर वाढतात. मोकळ्या झालेल्या जागेत ऊन पोचलं तशी बियांची रोपंही वर आली. रान विरळ झालं होतं, पण रानच राहिलं होतं.

मध्यंतरी नाल्यापलीकडचा व्यापारी मिलमध्ये आला. निलगिरी धरलीच नव्हती. आता काय करू, विचारत होता. मी त्याला खरं तेच सांगितलं, की मुळंच काढून टाकल्यामुळे फुटव्याची आशा नाही. उताराला आडवे चर खणा, दगडांचे बांध घाला, गुरं काही वर्षं आत सोडू नका आणि इथलंच बी टाका. वेळ लागेल. त्यानं काम सुरू केलं आहे. घळी भरत आहेत, पळस आणि धावडा दिसायला लागले आहेत. झिरिया अजून परत आलेला नाही, आणि येईल असं वचन मी त्या पाऱ्याला दिलेलं नाही. वरच्या झऱ्यावरून पाइप तेवढा खाली नेऊन दिला.

गेल्या थंडीत रानाच्या दुसऱ्या भागात खुणा करायला गेलो. काकांना आता चढवत नाही, ते गाडीत बसून राहिले. मी एका जुन्या सागावर गेरू ओढला तर भाऊ मागून म्हणाला, "ये वाला नहीं."

"काहून? शेंडा वाळला आहे त्याचा."

"खाली बघ ना, दीदी. बीजाची रोपं निघाली आहेत. हे पाडलं तर सगळी दबतील. दोन पावसाळे थांब, जरा वर येऊ दे."

मी वाकून पाहिलं. पाचोळ्यात खरंच बीजाची रोपं होती, आणि ती माझ्या नजरेतून सुटली होती. मी बाटलीतलं पाणी ओतून गेरू पुसला आणि आम्ही पुढच्या झाडाकडे गेलो.